एका रात्रीत पडलेली भोकं

“होल पडले ने? बस! मग स्विसच झालं ते.”

लॅब, मेकिंग रूम आणि पॅकिंग यांच्यामध्ये प्लायवूडच्या भिंती होत्या. पलीकडे कोणी हळू बोललं तरी अलीकडे ऐकू यायचं, आणि आमचे मालक हरीशभाई हळू कधी बोलतच नसत. मी दूध तपासायची बुरेट भरत होते. हात तसाच थांबला.

आदल्या दिवशी, मंगळवारी, केलेलं चीज नुकतंच प्रेसमधून बाहेर निघालं होतं. माझ्या अंदाजाने ते अजून कोवळं, घट्ट आणि सलग असायला हवं होतं. त्याला भोकं पडायला कित्येक आठवडे अवकाश होता.

“फॉरेनचे लोक महिने लावतात,” हरीशभाई सांगत होते, “आणि आपण एका रात्रीत! परब, तुमच्या हातात जादू आहे, जादू.”

परब काहीच बोलले नाहीत. मला भोकांपेक्षा हे जास्त खटकलं. परब आमचे प्रॉडक्शन सुपरवायझर. कोणी कौतुक केलं की “मगे काय, उगाच केस पिकले काय?” असं उत्तर तयार असायचं. त्या दिवशी पलीकडून फक्त नळाचा आवाज आला.

आमचा कारखाना अंधेरी पूर्वेला, औद्योगिक वसाहतीत होता. अगदी लहान. मुख्य धंदा प्रोसेस्ड चीजचा, म्हणजे साधं चीज वितळवून, त्याच्या वड्या पाडून डब्यात भरायचं. सँडविचवाल्यांकडे जातं ते. मी मायक्रोबायॉलॉजी घेऊन बीएस्सी केलं होतं आणि क्वालिटी कंट्रोलमध्ये लागून थोडेच महिने झाले होते. नोकरी अजून पक्की झाली नव्हती. माझं काम दूध तपासायचं आणि माल बाहेर जाण्यापूर्वी रिलीज स्लिपवर सही करायची. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे कामाचं सगळं मला इंग्रजीत सुचायचं. मराठीत बोलायचं तर वाक्य आधी मनात जुळवावं लागे, आणि ते जुळेपर्यंत समोरचा निघून गेलेला असे. पॅकिंगच्या बायका मला ‘मिस’ म्हणत. माझ्या पाठीमागे ‘मुकी मिस’. प्लायवूडमुळे तेही मला माहीत होतं.

विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलला स्विस चीज हवं होतं. बाहेरून आणायला परवानग्यांची कटकट फार. तिथले शेफ डिकुन्हा यांनी हरीशभाईंना विचारलं, तुम्ही बनवाल का? हरीशभाई ‘नाही’ म्हणणाऱ्यांतले नव्हते. दुसऱ्या कोणी म्हटलेलंही त्यांना आवडत नसे. शुक्रवारी शेफ येणार होते. त्या दिवशी त्यांना फक्त कोवळं चीज आणि आमची पद्धत दाखवायची, असं ठरलं होतं. भोकं दाखवायचं कोणाच्या मनातही नव्हतं.

इथे थोडं भोकांविषयी सांगायला हवं.

चीज म्हणजे सोप्या भाषेत असं: दूध तापवून जंतू मारायचे, कोमट करायचं, त्यात विरजण घालायचं. आमच्याकडे त्याला कल्चर म्हणतात. मग रेनेट नावाचा अर्क घालून दूध साकळवायचं, कापायचं, निवळ काढून टाकायची, उरलेला चोथा कापडात बांधून दाबायचा, मिठाच्या पाण्यात बुडवायचा आणि मग मुरवत ठेवायचा. स्विसमध्ये नेहमीच्या विरजणाबरोबर आणखी एक जातीचे जिवाणू घालतात. ते संथ असतात. चीज उबदार खोलीत ठेवलं की काही आठवड्यांनी ते जागे होतात, विरजणाने तयार केलेलं आम्ल खातात आणि वायू सोडतात. चीज तोवर रबरासारखं लवचिक झालेलं असतं, त्यामुळे वायूला बाहेर पडता येत नाही. तो आतच जागा करून बसतो. तेच ते गोल, गुळगुळीत, चकचकीत भोक. आमच्या धंद्यात त्याला ‘आय’ म्हणतात, डोळा. ज्या चीजला डोळे फुटत नाहीत ते आंधळं.

पण वायू सोडणारे जिवाणू तेवढेच नाहीत. काही फार घाईचे असतात. ते घाणीतून येतात, दुधातली साखर खातात आणि एका रात्रीत वायू करतात. तेव्हा चीज अजून कोवळं असतं. मग मोठे डोळे पडत नाहीत, स्पंजसारखी बारीक बारीक भोकं पडतात. त्याला चीज फुगणं म्हणतात.

मी मेकिंग रूममध्ये गेले. हरीशभाई केबिनमध्ये परतले होते. टेबलावर कापलेला ब्लॉक होता. भोकं मोहरीपासून मुगाएवढी, शेकड्यांनी. बोटाने दाबलं तर चीज दबून पुन्हा वर येत होतं. नाकाशी नेलं. स्विसचा वास मी तोवर फक्त पुस्तकात वाचला होता: गोडसर, अक्रोडासारखा. हा अक्रोड नव्हता. हा पावसाळ्यात विसरलेल्या ओल्या फडक्याचा वास होता.

“अ‍ॅसिड काल स्लो होतं,” मी परबांना म्हटलं. आदल्या दिवशी व्हॅटमधल्या, म्हणजे दूध साकळवायच्या मोठ्या टाकीतल्या, निवळीची आंबटपणाची टेस्ट मीच केली होती. आकडा चढायला फार वेळ लागला होता.

“हवा थंड आहे ना, मॅडम. जानेवारी.” परब माझ्याकडे न बघता कापडं पिळत होते.

थोड्या वेळाने हरीशभाईंनी मला वर केबिनमध्ये बोलावलं. “मिस, शुक्रवारी शेफ येतात. होल पडले ने, माल लगेच देऊन टाकू. त्यांच्यासमोर स्लिपवर सही करायची. इम्प्रेशन पडतं. ओके?”

मी मान हलवली. नुसती मान हलवली की समोरचा त्याला हवा तो अर्थ घेतो, हे मला तेव्हा नीट कळलेलं नव्हतं.

सही करणार नाही हे माझं खाली उतरताना जिन्यातच ठरलं होतं. पण ‘वास बरा नाही’ एवढ्यावर कोणी ऐकणार नव्हतं. भोकं कुठून आली ते दाखवायला हवं होतं.

माझ्याकडे त्यासाठी एक साधी टेस्ट होती. काचेच्या नळीत जांभळ्या रंगाचं पातळ खाद्य भरायचं. आत एक छोटीशी नळी उलटी बुडवायची. मग संशयित वस्तूचा थेंब टाकून नळ्या उबेला ठेवायच्या. ते घाईचे जिवाणू असले तर दुसऱ्या दिवशी खाद्य पिवळं होतं आणि उलट्या नळीच्या टोकाला बुडबुडा अडकतो. वायूला पकडायचं इतकं स्वस्त साधन दुसरं नसेल.

मी पाश्चरायझरमधून निघालेलं दूध घेतलं. पाणी घेतलं. चीजचं कापड, व्हॅटचा नळ, दही कापायच्या तारा, सगळं पुसून घेतलं. राहिली स्टार्टर रूम. कल्चरचा फ्रिज तिथे असे आणि तो प्रॉडक्शनच्या ताब्यात. लॅबला तिथे काम नाही, असा रिवाज होता. परब जेवायला गेल्यावर मी आत गेले.

विरजणाचा कॅन धुऊन पालथा घातलेला होता. झाकणाच्या खाचेत मात्र थोडं पांढरं उरलं होतं. ते खरवडून घेतलं. फ्रिज उघडला. आतला बर्फाचा थर पार नाहीसा झाला होता आणि खालच्या ट्रेमध्ये पाणी साचलेलं होतं. तेव्हा आठवलं, सोमवारी आल्या आल्या वॉचमन कुरकुरत होता की आदल्या दिवशी लाइट सकाळची गेली ती रात्री आली.

मग मोरीच्या जाळीवर काहीतरी हिरवं दिसलं. चिमट्याने उचललं. हिरव्या मिरचीचं देठ, टोपीसकट. जवळच आणखी दोन.

स्टार्टर रूममध्ये कोणी जेवत नाही. परबच जेवू देत नसत. मी देठं एका स्वच्छ बाटलीत घालून लॅबमध्ये नेली, आणि त्यातलं एक देठ व चीजचा एक तुकडाही नळ्यांत टाकून उबेला ठेवला. काय ते मला कळेना.

घरी, बोरीवलीला, आई भाजी निवडत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “आई, दुधात कोणी मिरचीचं देठ कशाला टाकेल?”

“विरजण संपलं असेल.”

“म्हणजे?”

आईने मान वर केली. “अगं, विरजणाला दही नसलं की कोमट दुधात दोन-चार हिरव्या मिरच्या देठासकट टाकायच्या. सकाळी दही लागलेलं असतं. शेजारी मागायला जायची लाज वाटली की सगळ्या हेच करतात. एवढं शिकलीस सायन्स, हे नाही शिकवलं तुझ्या नन्सनी?”

नन्सनी नव्हतं शिकवलं. मला मात्र सगळं एकदम दिसलं. रविवारी फ्रिज बंद. कल्चर मेलं. सोमवारी परबांनी ते दुधात घातलं असणार, दूध दुपारपर्यंत तसंच्या तसं. नवं कल्चर पार उत्तरेतल्या एका संस्थेतून टपालाने यायचं, त्याला आठवडा तरी हवा. आणि शेफ शुक्रवारी. मग परबांनी तेच केलं जे कोणत्याही घरात केलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इनक्युबेटर उघडला. दूध जांभळं. पाणी जांभळं. कापड, नळ, तारा, सगळं जांभळं. कॅनच्या झाकणातलं पिवळं, आणि उलट्या नळीत साबुदाण्याएवढा बुडबुडा. मिरचीच्या देठाची नळी तर अशी पिवळी की लिंबू सरबत वाटावं. चीजचा तुकडा पिवळा, हे सांगायला नकोच.

परब मिठाच्या टाकीपाशी ब्लॉक उलटे करत होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले. वाक्य रात्रीच जुळवून ठेवलं होतं.

“परबकाका, कल्चर सोमवारीच मेलं होतं ना?”

त्यांचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. “कोणी सांगितलं?”

मी खिशातून बाटली काढून टाकीच्या कडेवर ठेवली. त्यांनी देठांकडे पाहिलं आणि अचानक हसले. “जाळी धुवायची राहिली.”

“काका, हे खायचं नाही कोणी.”

“का? माझ्या आवशीन जन्मभर असाच दही लावल्यान, मॅडम. कोणाक काय झाला नाय.” रागावले की परब मालवणीवर येत. “तुमच्या पुस्तकात नसेल म्हणून काय खोटा झाला?”

“खोटं नाही. दही लागतं त्याने. माझी आईपण लावते.”

हे त्यांना अपेक्षित नव्हतं. मी पुढे बोलत राहिले, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते. “पण देठावर चांगले जंतू असतात तसे मातीतले, खताचेपण असतात. दही झटपट आंबट होतं, दुसऱ्या दिवशी संपतं, त्यांना फार वेळ मिळत नाही. इथे व्हॅटभर दुधाला हे विरजण पुरलं नाही. अ‍ॅसिड चढायला उशीर झाला. तेवढ्या वेळात वाईट जंतू वाढले. ही भोकं त्यांची आहेत. आंबोळीला जाळी पडते तशी.”

“आंबोळीची जाळी चांगलीच असते.”

“आंबोळी तव्यावर भाजतात, काका. हे कोणी भाजणार नाही.”

परबांनी ओले हात एप्रनला पुसले. मग शुद्ध मराठीत म्हणाले, “माझे वडील गिरणीत होते. दोन्ही भाऊ गिरणीत. संप झाला, गिरणी बंद पडली, ती बंदच. त्यानंतर आमच्या घरात ‘बंद’ हा शब्द कोणी काढत नाही. दुकान बंद असलं तरी पोरं सांगतात, उघडलं नाही म्हणून.” त्यांनी ब्लॉक उलटा केला. “मी साहेबांना जाऊन काय सांगू? दूध आलंय, माणसं आलीत, आणि व्हॅट बंद? ह्या तोंडाने?”

“मग आता?”

“आता तुम्ही सांगा. तुमच्याकडे बाटली आहे.” त्यात टोमणा होता, पण जोर नव्हता.

“मी सही करणार नाही,” मी म्हटलं. “देठांचं काही सांगणार नाही.”

“साहेब काढतील तुम्हाला.”

“काढू दे.”

हे मी फार हळू बोलले होते. तरी प्लायवूडपलीकडचा पॅकिंगचा गलबला क्षणभर थांबल्यासारखा वाटला.

शुक्रवारी शेफ डिकुन्हा आले. जाडजूड, हसरे, बांद्र्याचे. हरीशभाईंच्या केबिनमध्ये स्टीलच्या ताटात ब्लॉक मांडलेला, शेजारी सुरी, शेजारी माझी स्लिप आणि पेन. परब दाराशी उभे. मी नळ्यांचा स्टँड मागे धरून आत गेले.

हरीशभाईंनी स्वतः चीज कापलं. “बघा शेफ! होल बघा. आपण मंगळवारी बनवलं.”

“मंगळवारी? कुठल्या?”

“ह्याच!”

शेफनी काप उचलून उजेडात धरला. “भोकं बारीक आहेत, बॉस. पण ठीक आहे. सोमवारच्या बफेत लांबून दिसतं. लोक चीजचा पासपोर्ट थोडाच बघणार?” त्यांनी वास घेतला आणि नाक किंचित मागे नेलं. “स्मेल जरा वेगळा आहे ना?”

“नवीन माल आहे. उडून जाईल.” हरीशभाई माझ्याकडे वळले. “मिस, सही.”

मी पेन उचललं नाही. स्टँड ताटाशेजारी ठेवला. सगळ्या जांभळ्या नळ्या एका बाजूला, तीन पिवळ्या दुसऱ्या बाजूला.

“हे काय, मिस?” शेफ म्हणाले. “सरबत?”

त्यांनी विचारलं म्हणून सोपं झालं. प्रश्नाचं उत्तर देणं मला जमतं. मी नळ्या दाखवल्या. बुडबुडा दाखवला. म्हटलं, चीजमधली भोकं म्हणजे हेच बुडबुडे. कोणाचे बुडबुडे, हा प्रश्न आहे. खरे डोळे सावकाश पडतात, उबदार खोलीत, आठवड्यांनी. हरीशभाईंना कळावं म्हणून म्हटलं, “सर, ढोकळ्याला जाळी एका रात्रीत पडते. स्विसला पडत नाही. एका रात्रीत पडली तर ती दुसऱ्याच कोणीतरी पाडली आहे.”

“कोणी?” शेफनी विचारलं.

“जे जंतू आतड्यात असतात त्यांनी.”

शेफनी काप ताटात ठेवला आणि रुमालाने बोटं पुसली. हरीशभाईंच्या हातातही एक तुकडा होता. तो कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना.

“आत गेले कसे?” त्यांनी मला विचारलं.

मी स्टँडकडे बघत राहिले. पिवळ्या नळीत देठ तरंगत होतं. मी ते ओळखू येणार नाही असं मागच्या बाजूला ठेवलं होतं.

“मी टाकली मिरची,” दारातून परब म्हणाले.

“मिरची?” शेफ खदखदून हसले. “स्विसमध्ये? बॉस, मग मिरची चीज म्हणून तरी विका ना!”

हरीशभाई हसले नाहीत. परबांनी सगळं सांगितलं. फ्रिज, मेलेलं कल्चर, मिरच्या. सांगताना ते खाली बघत नव्हते. समोरच्या भिंतीवरच्या देवांच्या फोटोकडे बघत होते.

“पण मला सांगायचं ने!” हरीशभाईंचा आवाज चढला. “कल्चर मेलं तर मेलं. मला का नाही सांगितलं? मी काय माणूस खातो?”

बाहेर टायपिस्टची टकटक थांबली होती. याचं उत्तर सगळ्या कारखान्याला माहीत होतं, आणि नेमकं त्याच कारणासाठी कोणी देत नव्हतं. माझ्याही ओठांपर्यंत आलं आणि परत गेलं. विज्ञानाचं होतं तेवढं मी बोलले होते. हे विज्ञानाचं नव्हतं.

शेफनीच सोडवलं. उठताना म्हणाले, “हरीशभाई, ह्या मिस नसत्या तर सोमवारी माझी आख्खी गेस्ट लिस्ट टॉयलेटमध्ये. मला घाई नाही. बरोबर बनवा, मग बोलवा.”

चीज मागच्या आवारात खड्डा खणून पुरलं आणि वर चुना टाकला. तो खड्डा परबांनी स्वतः खणला. कोणी सांगितलं नव्हतं. हरीशभाई त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाहीत, पण काढलंही नाही. व्हॅटवर हात चालणारा दुसरा माणूस त्यांच्याकडे नव्हता, आणि कदाचित त्या ‘माणूस खातो का’चं उत्तर त्यांनाही नंतर कुठेतरी ऐकू आलं असेल. कल्चरचा फ्रिज लॅबमध्ये आला आणि त्याची किल्ली माझ्याकडे आली. मी सही केली नव्हती याबद्दल मला कोणी काही बोललं नाही. महिनाअखेरीला नोकरी पक्की झाल्याचा कागद मात्र मिळाला. तो टेबलावर ठेवून हरीशभाई एवढंच म्हणाले, “ढोकळा.” आणि गेले.

नवं कल्चर आलं. आम्ही गायीचं दूध मागवलं, कारण म्हशीच्या दुधाचं चीज पुरेसं लवचिक होत नाही, वायू आला की तडकतं. बॉयलरमागची खोली परबांनी चुना लावून घेतली आणि ब्लॉक तिथे मुरत ठेवले. ते रोज सकाळी जाऊन बोटाच्या पेराने ब्लॉकवर ठोकून बघत, डॉक्टर पाठीवर ठोकतो तसे. कित्येक दिवस एकच बद्द आवाज. एक दिवस मला बोलवायला आले. “मॅडम, पोकळ वाजताहा.” कापलं तर आत गोल, ओले, चकचकीत डोळे. फार नव्हते. दोन ब्लॉक तर अगदी आंधळे निघाले. पण जे होते ते खरे होते, आणि वास अक्रोडाचा होता. मी अक्रोड नंतर मुद्दाम आणून ताडून पाहिला.

इतकी वर्षं या धंद्यात पुरी झालेली नाहीत की मी कोणाला उपदेश करावा. पण एक गोष्ट मी लिहून ठेवते. भोक दिसलं की लोक विचारतात, किती मोठं आहे. आधी विचारायला हवं ते हे, की किती लवकर पडलं. आणि दुसरं, चीज मिरचीमुळे फुगलं हे माझ्या रिपोर्टात आहे आणि ते खरं आहे. पण मिरची कॅनमध्ये का गेली, याला कुठल्याच नळीत बुडबुडा येत नाही.

मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर जळला. शनिवारी दुपारी गेलेली लाइट सोमवारी पहाटे आली. मी आल्या आल्या फ्रिज उघडला. पाणी. बर्फाच्या थर्मासमध्ये जपून ठेवलेलं जादा कल्चरही गरम. थोडं दुधात घालून पाहिलं. दोन तासांनीही आंबटपणाचा आकडा हलला नाही. टँकर फाटकात उभा होता आणि हॉटेलच्या पुढच्या ऑर्डरचे ब्लॉक बुधवारपर्यंत मुरत लागायला हवे होते.

परब लॅबच्या दारात येऊन उभे राहिले. फ्रिजकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“डब्यात मिरच्या आहेत,” ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले. “आणू?”

मला हसू आलं. त्यांना नाही आलं. त्यांची नजर टेबलावरच्या इंटरकॉमवर होती.

“पनीरला कल्चर लागत नाही,” मी म्हटलं. “दूध सायट्रिक अ‍ॅसिडवर फाटतं.”

“ते मी बघतो. अ‍ॅसिड विरघळवायला बादलीभर पाणी गरम करायला टाकलंच आहे समजा.” ते हलले नाहीत. “पण ते दुसरं?”

ते दुसरं म्हणजे वर सांगायचं. मी रिसीव्हर उचलला. पलीकडे पॅकिंगच्या बायका एकदम गप्प झाल्या. इंग्रजीत वाक्य तयार होतं, लांब, कारणांसकट. ते मी सोडून दिलं.

“बोला,” हरीशभाई म्हणाले. “कोण? मिस? बोला ने.”

“सर, आज व्हॅट बंद.”